पाय दक्षिणेला नकोत

नेर्लेकर सरांनी खडीसाखरेचा एक मोठा खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "घाल तोंडात, रत्ने. आता गप्प."

हा आमच्या रविवार पलटणीचा नियम होता. ज्याचा देखावा टेबलावर, त्याच्या तोंडात खडा. तो विरघळेपर्यंत करणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही, कारण करणारा तोंड उघडतो ते फक्त 'तसं नाही हो, त्याचं काय झालं' एवढं म्हणायला, असं सरांचं ठाम मत. बघणाऱ्यांनीही आधी बोलायचं नाही. प्रत्येकाच्या हातात गूल काढलेली एक आगकाडी द्यायची. देखाव्याभोवती फिरायचं, आणि जिथं डोळा अडखळेल तिथं काडी ठेवायची. बोलणं त्यानंतर. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या मिरजेला माहीत, त्यामुळे माझ्या वेळी सर मुद्दाम डब्यातला सगळ्यात मोठा खडा शोधायचे.

पलटण म्हणजे आम्ही चार टाळकी. सर मला शाळेत चित्रकला शिकवायचे, ते आता निवृत्त. त्यांच्याच घराच्या पडवीत आमचं जमायचं. लतीफभाई एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्या रंगवायचे. पोतदार सोनारकट्ट्यावर बसायचे, डोळ्याला भिंग लावून. आणि मी कवळ्या करायचे. अजूनही करते. घराच्या पुढच्या खोलीत माझी लॅब आहे. मेण, प्लास्टर, अॅक्रिलिक, बारीक कोरण्या, सगळं हाताशी. दात करून उरलेल्या मालातून मी बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं करायचे, जुन्या लढायांतली. बाईमाणसानं शिपाई कशाला करायचे, असं लोक विचारायचे. मी चौतिशीला आले होते. लग्नाचं विचारायचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून मग शिपायांचं विचारायचे.

त्या रविवारी टेबलावर माझा सगळ्यात मोठा देखावा होता. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी इटलीत लढल्या, चिखलातून आणि पुरातून नद्या ओलांडल्या, त्यातली एक नदी. हिवाळा. पाण्यात कमरेपर्यंत बुडालेले जवान दोर ओढताहेत, एकानं बंदूक डोक्यावर धरलीय, काठावर दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताहेत, एक खेचर पुढं यायला तयार नाही आणि एक नाईक त्याच्या नावानं शंख करतोय. आम्ही त्यांना बाहुले किंवा मूर्ती म्हणत नसू. माणूसच म्हणायचो. 'तुझा तो दोरवाला माणूस वाकडा आहे,' असं. श्रावणात कोल्हापूरला प्रदर्शन होतं आणि त्यात हा देखावा जायचा होता.

तिघं टेबलाभोवती फिरले. पोतदार गुडघ्यावर बसून बघून आले. लतीफभाईंनी एक डोळा मिटून बघितलं. आणि मग एकेकानं काडी ठेवली. तिन्ही काड्या एकाच जागी पडल्या, डावीकडच्या पुढच्या काठावर, जिथं मी नुसताच चिखल ठेवला होता.

असं आमच्यात कधी झालं नव्हतं. पोतदारांना बटणं खटकायची, लतीफभाईंना रंग. तिघांचं एकमत म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखंच.

"जागा मोकळी आहे म्हणून नाही म्हणत," सर सांगायला लागले. "सगळी माणसं उभी आहेत, रत्ना. नजर इथून शिरते, नदीत जाते, पलीकडे चढते, आणि तिथंच लटकते. तिला परत खाली यायला काहीतरी आडवं पाहिजे. आणि लढाई आहे ही. इथं एक मेलेला माणूस पाहिजे."

मी खडा कडकन चावला. पडवीत सगळ्यांना ऐकू गेला तो आवाज.

"नाही ठेवणार," मी म्हणाले.

नियम मोडला होता. पण कुणी हसलं नाही, कारण माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. लतीफभाई म्हणाले, ताई, राग धरू नका, देखाव्याच्या भल्यासाठी सांगतोय. पोतदार म्हणाले, एवढी मोठी लढाई आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे जरा लग्नाच्या वरातीसारखं दिसतंय. त्यांचं बरोबरच होतं. मी देखाव्यावर कापड टाकलं, खोक्यात घातला आणि रिक्षा बोलावली.

तो एकोणीसशे नव्व्याण्णवचा जून होता. माझा धाकटा भाऊ हणमंत फौजेत होता आणि त्याची पलटण वर, कारगिलच्या बाजूला गेली होती. मे महिन्यात त्याचं चार ओळींचं पत्र आलं होतं, 'आम्ही पुढं निघालोय, काळजी नसावी.' त्यानंतर काही नाही. पत्र नाही, फोन नाही. हे आमच्या रविवार पलटणीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. पण मेलेला माणूस म्हणताना त्यांच्या डोक्यात इटली होती. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तो माणूस तयार होता.

जानेवारीत हणमंत सुट्टीवर आला होता तेव्हाच मी हा देखावा मांडत होते. पडलेला माणूस पाहिजे हे मलाही तेव्हाच कळलं होतं, मी काही सरांची शिष्या उगाच नाही. पडलेलं अंग नुसतं मनानं करता येत नाही, समोर कुणीतरी पडावं लागतं. हणमंत म्हणाला, मी पडतो की, त्यात काय. मधल्या सोप्यात सतरंजी टाकली आणि साहेब पडले. मी मेण घेऊन समोर बसले. तेवढ्यात आई मागच्या परड्यातून आली आणि तिनं बघितलं, पोरगा हातपाय टाकून उताणा पडलाय आणि पोरगी म्हणतेय, हलू नको, तू मेलायस.

"ऊठ आधी," आई ओरडली. "भरल्या घरात असलं सोंग कुणी आणतं का? आणि पाय बघ कुठं केल्यात. दक्षिणेला. काय म्हणावं तुमास्नी."

दक्षिणेला पाय करून झोपू नये, ती यमाची दिशा, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. आईची नजर आधी दिशेवरच जायची. हणमंत हसत होता. म्हणाला, आई, झोपलो कुठाय, मेलोय मी, मेलेल्याला कसली दिशा. आईनं हातातलं सूप आपटलं आणि आत निघून गेली. दोन दिवस आम्हा दोघांशी धड बोलली नाही. मी मात्र तो माणूस पुरा केला, रंगवला, छातीवर गडद लाल डाग दिला, आणि डोक्यात काही वाईट न आणता कवळीच्या एका गुलाबी डबीत घालून वरच्या फळीवर ठेवून दिला. चेहरा हणमंताचा केला नव्हता मी, निदान ठरवून तरी नाही. पण मी जबड्यांवर पोट भरणारी बाई. त्याची ती रुंद हनुवटी माझ्या हातातून आपोआप उतरली होती.

आता जून लागल्यापासून मी त्या फळीकडं बघत नव्हते. फेकून द्यावा तर हात होईना. हनुवटी असलेलं माणूस कचऱ्यात कसं टाकायचं? आणि देखाव्यात ठेवावा, तर ठेवलेल्या क्षणी तिकडं वर काहीतरी होईल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी काही देवभोळी नाही. अमावास्येला नवीन कवळी बसवते मी, गिऱ्हाईक का-कू करतं तरी. पण आपलं माणूस तिकडं असलं की शहाणपण कुठं जातं कोण जाणे.

आईचं काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. तिनं टीव्हीवर टॉवेल टाकला होता आणि तो मी काढायचा नाही असं ठरलं होतं, म्हणजे तिनं ठरवलं होतं. मी लॅबमध्ये पेपर वाचायचे आणि रद्दीत खाली सरकवायचे. आई उन्हाचा कवडसा बघून सांडगे हलवायची, पावसाची भुरभुर आली की आत आणायची. हणमंताचं नाव आम्ही दोघी घेत नव्हतो. फोन वाजला की आई जिथं असेल तिथं उभी राहायची, आणि मी 'हॅलो, हो डॉक्टर' म्हणाले की परत कामाला लागायची. स्वतः ती फोनला कधी हात लावत नसे.

त्याच आठवड्यात एका सकाळी सर लॅबमध्ये आले. खालची कवळी टोचतेय म्हणाले. कवळी कसली टोचतेय, मीच केलीय ती, लोण्यासारखी बसवलेली. तरी त्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही कवळ्या काढून घेतल्या आणि पाण्यात ठेवल्या. सरांचं तोंड बोळकं झालं. बिनकवळीचे सर कुणासमोर बोलत नाहीत, लाजतात. मग माझ्या लक्षात आलं, आता ते गप्प आहेत आणि खडा माझ्या तोंडात नाही.

मी सांगितलं. सतरंजी, मेण, लाल डाग, सगळं. सांगता सांगता खालची कवळी उगाच घासत होते, जिथं घासायला काही नव्हतं तिथं. सांगून झाल्यावर रडले, आणि मला रडायला अजिबात आवडत नाही, म्हणून त्यांच्यावरच चिडले. म्हणाले, "तुम्हाला काय होतंय काडी ठेवायला."

सरांनी हात पुढं केला. मी कवळ्या दिल्या. त्यांनी त्या बसवल्या, जबडा दोनदा मिटून बघितला, आणि मग बोलले.

"ठेवू नकोस. प्रदर्शन गेलं खड्ड्यात."

"आणि नजरेचं काय? लटकतेय ना ती?"

"लटकू दे." मग दारापर्यंत गेले आणि थांबले. "पण त्याला डबीत कोंडून नको गं ठेवूस. बाहेर काढ. फळीवर ठेव, खिडकीत ठेव. तू त्या डबीलाच घाबरायला लागलीयस."

ते गेल्यावर मी स्टुलावर चढले. डबी जागेवर होती. उघडली. आत काही नव्हतं.

डबी उलटी केली, फळी चाचपली, खाली पडला असेल म्हणून टेबलाखाली रांगले. घरात आम्ही दोघीच. मी तशीच मागं गेले. आई परड्यात तांदूळ निवडत बसली होती.

"आई, वरच्या फळीवरच्या डबीला हात लावलास?"

ती निवडतच राहिली. "लावला."

"फेकलास?"

"फेकीन कशी?"

ती उठली, हात पदराला पुसले आणि मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली. देवांच्या मागच्या कोनाड्यात अंगाऱ्याची रिकामी पितळी डबी होती. आईनं झाकण काढून ती माझ्या पुढ्यात धरली. आत कापूस अंथरला होता. त्यावर माझा माणूस होता. डोक्याखाली खणाच्या तुकड्याची, आत कापूस भरून शिवलेली, हरभऱ्याच्या डाळीएवढी उशी होती. अंगावर छातीपर्यंत जुन्या धोतराचं फडकं. मी फडकं बाजूला केलं. लाल डाग नव्हता. रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला होता, त्यात गणवेशाचा रंगही जरा फिका झाला होता.

"कधी केलंस हे?"

"त्याचं पत्र आलं त्या दिवशी." मग तिनं बोट लावून मला दाखवलं. "तू ह्याला मेलेला म्हणतीस. आगं, ह्यो झोपलाय. गुडघा बघ."

मी बघितलं. डावा गुडघा वर होता. उजवा हात कोपरातून मुडपून डोळ्यांवर होता.

"बारक्यापणापासनं असाच झोपतोय त्यो," आई म्हणाली. "एक गुडघा वर, हात डोळ्यावर. मेलेल्याचा गुडघा वर ऱ्हातोय व्हय? ढाराढूर घोरत हुता त्या दिवशी, आणि तू आपली मेण लावत बसलीस."

तेव्हा मला आठवलं. तो झोपला होता खरंच. आई रागावून आत गेली, मी म्हणाले, आता तरी हलू नको, आणि तो हलला नाही, कारण पाच-दहा मिनिटांत त्याचा डोळा लागला होता. सुट्टीवर आला की तो कुठंही झोपायचा. मी समोर जे दिसलं ते इमानदारीनं केलं, गुडघ्यासकट, बोटांच्या सैल मुठीसकट. मग वरून लाल रंग लावला आणि त्याला मेलेला म्हणाले. एवढ्या दिवसांत मला एकदाही दिसलं नाही, कारण डबी उघडून बघायची माझी छाती झाली नव्हती. आणि आई रोज सकाळी दिवा लावताना उघडून बघत होती.

मी तिथंच देव्हाऱ्यासमोर फतकल मारून बसले. हसू येत होतं का रडू ते मला सांगता येणार नाही.

मग मी आईला विचारलं, ह्याला नदीकाठी नेऊ का. असाच. झोपलेला. तिथं गार असंल म्हणाली. मी म्हणाले, घोंगडी घालते. चिखल हाय म्हणाली. मी म्हणाले, खाली फळ्या टाकते, पेट्यांच्या. मग तिनं शेवटची अट घातली.

"पाय दक्षिणेला करायचं न्हाईत."

आता देखाव्याला कुठली आली दक्षिण? लाकडी पाट आहे तो, फिरवाल तशा दिशा फिरतात. मी तसं म्हणाले. आई म्हणाली, ते मला सांगू नगंस, तू दिशा ठरव आणि मग ठेव. मी पाटाच्या खाली पेन्सिलीनं उत्तरेचा बाण काढला. नदी पूर्वेकडं वाहते असं धरलं. त्या हिशोबानं झोपलेल्या माणसाचे पाय नदीकडं केले तर ते बरोबर दक्षिणेला जात होते, म्हणून मी त्याला तिरका केला, डोकं काठाच्या कोपऱ्याकडं, पाय वर पेट्यांकडं. डोक्याखाली पाठीवरची पिशवी द्यायला गेले तर आई म्हणाली, उशी ऱ्हाऊ दे. इटलीतल्या लढाईत खणाची उशी! लतीफभाईंनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते. मी ती उशी तशीच ठेवली आणि वरून खाकी रंग दिला, एवढी तडजोड आईनं मान्य केली.

पुढच्या रविवारी खोकं परत सरांच्या पडवीत गेलं. सरांनी खडा दिला, मी तोंडात घातला. झोपलेल्या माणसाचं तिघांनाही मी काही सांगितलं नव्हतं. ते फिरले. काड्या हातातच राहिल्या. पोतदार कोपऱ्यापाशी वाकले, भिंग लावलं, आणि बराच वेळ तिथून हललेच नाहीत. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली.

तेवढ्यात सरांच्या घरात फोन वाजला. सरांच्या सूनबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, रत्नाताई, तुमचा आहे. तुमच्या आईचा.

आईचा? आई फोनला हात लावत नाही. लॅबच्या भिंतीवर सरांचा नंबर मी मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला होता खरा, पण तो अगदीच प्रसंग आला तर म्हणून. मी आत गेले ती कशी गेले मला आठवत नाही. मागोमाग तिघंही दारात येऊन उभे राहिले, हातात काड्या तशाच. मी रिसीव्हर उचलला. तोंडात खडा. "हं," एवढंच निघालं.

पलीकडं नुसता श्वास. मग हुंदका. मग नुसतं रडणं. मी भिंतीला टेकले आणि डोळे मिटले. लतीफभाईंनी तोंडावर हात घेतला ते मला मिटताना दिसलं.

"रत्ने," आई म्हणाली, "त्याला भूक लागलीया म्हनं."

मी डोळे उघडले.

"हनमंताला. फोन आलता त्याचा. खाली आल्यात सगळी. मला म्हनला, आई, लई भूक लागलीया. मी म्हनलं, जेव की मग बाबा."

मी खडा गिळला. अख्खा. तो मध्येच अडकला आणि मी खोकायला लागले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हे तिघं समजले की झालं, संपलं. लतीफभाई पाठीत धपाटे घालायला लागले, सर खाली बसले, पोतदार 'ताई, ताई' करत पाणी आणायला धावले. मला ओरडून सांगायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता. शेवटी मी हातानंच खूण केली, घास तोंडात घालतात तशी. पोतदारांना वाटलं मला भूक लागलीय.

"जिवंत आहे," मी म्हणाले एकदाची. "त्याला भूक लागलीय."

लतीफभाईंचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथंच थांबला. ते वर बघून काहीतरी पुटपुटले. सरांनी कवळी काढून रुमालात घेतली आणि डोळे पुसले, का नाक शिंकरलं, कुणास ठाऊक. माझ्या लॅबबाहेर कुणासमोर ते असे कधी बसले नव्हते. सूनबाईंनी चहा टाकला. त्या दिवशी पडवीत आम्ही देखाव्याबद्दल फारसं बोललोच नाही. निघताना फक्त सर म्हणाले, "बरं झालं मेलेला म्हणून आणला नाहीस. गुडघा वर होता. मी काडी ठेवली असती."

प्रदर्शनाला आम्ही चौघंही गेलो. तिथं एक वेगळाच घोळ झाला. आयोजकांनी टेबलं लावून ठेवली होती, आणि आमच्या टेबलावर पाट ठेवला की झोपलेल्याचे पाय थेट दक्षिणेला. पेन्सिलीचा बाण वगैरे घरात ठीक होता, पण आईनं मला निघताना बजावलं होतं, तिथं गेल्यावर खरी दिशा बघ. मी टेबल फिरवा म्हणाले. आयोजक म्हणाले, बाई, रांग बिघडते, आणि दक्षिण इकडं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? लतीफभाई पुढं झाले. म्हणाले, पश्चिम मला विचारा, दिवसातनं पाच वेळा लागते मला. त्यांनी पश्चिम दाखवली, त्यावरून दक्षिण ठरली, आणि पोतदार आणि सर मिळून टेबल तिरकं करून मोकळे झाले. अख्ख्या हॉलमध्ये एकच टेबल वाकडं होतं, आमचं.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, काम उत्तम, परंतु झोपलेल्या सैनिकामुळे युद्धाचा परिणाम उणावतो. सर भांडायला निघाले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना भेळ खायला नेलं. मला त्या दिवशी कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

हणमंत गौरीच्या आदल्या दिवशी घरी आला. वाळला होता. गालाची आणि नाकाची कातडी सोलली होती, आणि रस्त्यावर ट्रकच्या सायलेन्सरचा फटका वाजला की मान वळत होती. काही विचारायचं नाही असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं. देखावा सोप्यात कोपऱ्यात होता. त्यानं तो बघितला, वाकून, हात मागं बांधून. झोपलेल्यापाशी थांबला.

"ही उशी कुणी दिली ह्याला?"

"आईनं," मी म्हणाले.

तो जेवला, चार भाकरी जेवला, आणि हात धुऊन सोप्यात सतरंजीवर आडवा झाला. मी लॅबमध्ये जाऊन एक कवळी बघते म्हणाले आणि परत येईपर्यंत तो घोरत होता. उजवा हात डोळ्यांवर. डावा गुडघा वर.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ तसंच.

"पाय दक्षिणेला हायत गं त्याचं," ती पुटपुटली.

"उठवू?"

"नगंस. उठवू नगंस."

मग ती आत जाऊन उशी घेऊन आली. मी त्याचं डोकं उचललं, तिनं खाली सरकवली. तो जागा झाला नाही. आईनं सतरंजीचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही दोघी त्याला फरशीवर हळूहळू फिरवायला लागलो, थोडं थांबत, थोडं ओढत. जवान गडी, हाडाचा जड. मध्येच मला हसू फुटलं आणि आईनं डोळे वटारले. पाय पूर्वेला आले तेव्हा आम्ही दोघी घामाघूम झालो होतो.

या ओढाताणीत त्याचा गुडघा खाली पडला होता. दोन्ही पाय सरळ, ताठ, शेजारी शेजारी. घोरणंही थांबलं होतं. आईनं सतरंजीचं टोक सोडलं नव्हतं. मीही सोडलं नव्हतं. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही, नुसत्या त्याच्याकडं बघत उभ्या राहिलो.

मग झोपेतच त्यानं नाक ओढलं, काहीतरी पुटपुटला, आणि डावा गुडघा परत वर घेतला. आई तव्यावरची भाकरी बघायला आत गेली.